किलोला दीडशे ग्रॅमची चूक, तरी ठेवून घेतलेला काटा

मी बार्शीत मार्केट यार्डाजवळ वजनकाटे दुरुस्त करतो. वडलांच्या वेळी दांडीचे तराजू होते, आता सगळे इलेक्ट्रॉनिक. दरवर्षी काटा पासिंगला न्यायचा, वैधमापनचे साहेब प्रमाण वजनं ठेवून बघणार, मग शिक्का. किराणा दुकानातल्या ३० किलोच्या काट्यावर १० किलोचं वजन ठेवलं आणि ५ ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला, की काटा परत माझ्या टेबलावर. २६ वर्षं हेच चाललंय. त्यामुळे मोजायचं कुठलंही यंत्र हातात आलं की ते खोटं किती बोलतं, हे आधी बघायची खोड लागली आहे. घरच्या ग्लुकोमीटरबद्दल, म्हणजे रक्तातली साखर मोजायच्या मशिनाबद्दल, लिहितोय तेही त्याच खोडीने. औषधोपचाराचं मला विचारू नका, तो माझा धंदा नाही.

कंपनीचं नाव देत नाही. ज्या खोड्या सांगणार आहे त्या या जातीच्या बहुतेक मशिनांत सापडतील, आणि एका मशिनावरून एखाद्याला शिव्या घालणं किंवा हार घालणं, दोन्ही आमच्या धंद्यात बसत नाही.

मशीन का घेतलं ते आधी सांगतो. यार्डात दरवर्षी तपासणीचं शिबिर असतं. सकाळी सातला उपाशीपोटी रांग, बोटातून थेंब, हातात चिठ्ठी. तीन वर्षं ओळीने माझी फास्टिंग ९४, ९७, ९८. खाली ‘नॉर्मल’. वजन ६१ किलो, उंची साडेपाच फुटांच्या वर थोडी. मला बघून कुणी साखरेचं नाव काढणार नाही. पण वडलांना, म्हणजे अण्णांना, मधुमेह होता, शेवटी पायाची दोन बोटं काढावी लागली. आणि गेल्या वर्षापासून दुपारी जेवून दुकानात आलो की डिस्प्लेवरचा आकडा दोनदा वाचावा लागायचा. जेवून झोप कुणाला येत नाही म्हणा.

माझी थोरली बहीण सोलापूरला नर्स आहे. दिवाळीला आली तेव्हा मी तिन्ही चिठ्ठ्या मोठ्या ऐटीत पुढे केल्या. तिने हातही लावला नाही. “हे रिकाम्या पोटाचे कागद मला दाखवू नकोस. जेवल्यावर दोन तासांनी किती असते ते सांग.”

“अक्का, तेवढं कशाला? फास्टिंग तर...”

“अण्णांची पण फास्टिंग आधी बरीच वर्षं चांगलीच होती.”

ती गेल्यावर मला तिचं म्हणणं यार्डावरून कळलं. पहाटे पाचला यार्डात डोकावलं तर सगळं झाडून-लोटून स्वच्छ असतं. हमाल ४० आहेत की १५, त्यावरून काही कळत नाही. ते कळतं गाड्या लागल्यावर. ज्वारीच्या २० गाड्या एकदम आल्या आणि दुपारपर्यंत पोती वाटेतच पडून राहिली, म्हणजे हमाल कमी पडले. जेवण म्हणजे गाड्या लागणं, आणि इन्सुलिन म्हणजे हमाल. सुरुवातीच्या काळात रात्रभरात का होईना, माल हलतो आणि सकाळी यार्ड रिकामं दिसतं. शिबिरवाले नेमके त्याच वेळी येतात.

पहिलं मशीन पोराने ऑनलाइन मागवलं. स्वस्त होतं. बरोबर आलेल्या १० स्ट्रिपा, म्हणजे रक्ताचा थेंब लावायच्या पट्ट्या, आठवड्यात संपल्या आणि मग त्या कंपनीच्या स्ट्रिपा बार्शीत कुठल्याच मेडिकलमध्ये मिळेनात. ते मशीन आता टेबलाच्या खणात आहे. इथे हे पक्कं लक्षात ठेवा: आपण मशीन विकत घेत नाही, स्ट्रिपा घेतो. मशीन फक्त वाचतं, खरं मोजमाप स्ट्रिपेवरच्या रसायनात होतं. त्यामुळे आधी गल्लीतल्या मेडिकलवाल्याला विचारा की बाराही महिने कुठल्या स्ट्रिपा ठेवतोस, आणि मग त्या स्ट्रिपांना चालणारं मशीन घ्या. मी दुसऱ्यांदा तसंच केलं. मशीन, टोचायचं पेन, १० सुया आणि २५ स्ट्रिपांची डबी मिळून ७४० रुपये. नंतर ५० स्ट्रिपांची डबी ८९० ला पडते, म्हणजे एका थेंबाला १७ रुपये ८० पैसे. सुया वेगळ्या.

घरी आणल्या आणल्या मी काट्यावर करतो तीच पहिली परीक्षा केली. तेच वजन तीनदा ठेवून बघायचं. पाच मिनिटांत तीन बोटं टोचली. १६८, १५९, १७४. बायको म्हणाली, “अहो, बोटांची चाळण करताय का?” माझं डोकं मात्र त्या १५ च्या फरकात अडकलं. माझ्या काट्याने असे तीन आकडे दाखवले असते तर दुकानदाराने तो माझ्या डोक्यात घातला असता.

मग माहितीपत्रक वाचलं. तिथे बारीक अक्षरात मानकाचा नंबर होता, आयएसओ १५१९७, २०१३ ची आवृत्ती. त्यात लिहिलंय की १०० पैकी ९५ रीडिंगं एवढ्या मर्यादेत असली की मशीन पास: साखर १०० च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅम इकडेतिकडे, १०० किंवा वर असेल तर १५ टक्के इकडेतिकडे. म्हणजे किलोला दीडशे ग्रॅम! भाजीवाला अशा काट्यावर बसला तर साहेब काटा उचलून नेतील. मी त्या दिवशी मशीन परत करायलाच निघालो होतो.

थांबवलं एका हिशोबाने. रक्तातली साखर मोजतात ती १०० मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम अशी. माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. १०० चं रीडिंग असेल तर त्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती? ५ ग्रॅम. चहाचा एक चमचा. ५ ग्रॅम म्हणजे माझ्या काट्याची सगळ्यात लहान पायरी, त्याखालचं त्याला दिसतच नाही. आणि स्ट्रिप पिते तो थेंब अर्ध्याएक मायक्रोलिटरचा. तेवढ्यात साखर असते ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. ती हे मशीन पाच सेकंदांत मोजतं, तेही माझ्या ऑइल लागलेल्या हातातून. मी गप्प बसलो. इतक्या बारीक मालाला एवढा पासंग, म्हणजे काट्यातला मूळचा फरक, धरावाच लागेल.

फक्त पासंग आहे हे विसरायचं नाही. १५६ आले आणि काल १४९ होते म्हणून जीव टांगणीला लावायचा नाही. हे दोन्ही आकडे एकच समजा. १४९ आणि २२१ मात्र एक नाहीत, आणि मला जे दिसायला हवं होतं ते याच अंतरात दिसलं.

वीस दिवस मी वही घातली. पद्धत अक्काने सांगितली होती. जेवणाआधी एक रीडिंग, पहिला घास तोंडात घातल्यापासून बरोबर दोन तासांनी दुसरं. ताटावरून उठल्यापासून नाही, पहिल्या घासापासून. मधे चहा-बिस्किट काही नाही. जेवणाआधीचं रीडिंग म्हणजे आमच्या भाषेत धडा, रिकाम्या पोत्याचं वजन. ते नसेल तर नंतरच्या आकड्यात जेवणाचं किती आणि आधीचं शिल्लक किती ते कळत नाही. पहिले चार दिवस मी धडा न करताच माल जोखला, ती रीडिंगं वाया गेली.

वहीतलं थोडं सांगतो. फास्टिंग वीस दिवसांत ९७ ते १०६. शिबिराच्या चिठ्ठीत हेच दिसलं असतं. कांदेपोहे आणि साखरेचा चहा, दोन तासांनी २०३. संकष्टीची साबुदाण्याची खिचडी, २२१. उपवासाच्या दिवशी तोवरचं सगळ्यात मोठं रीडिंग, आता काय म्हणावं! दोन भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाचटणी, कांदा: १४९. हे बघून मी खूश. ज्वारी आमच्या बार्शीची, बाधायची नाही. तिसऱ्या दिवशी त्याच भाजीबरोबर चार भाकरी खाल्ल्या, १९२. ज्वारीला बार्शीचा अभिमान वगैरे काही नसतो. पुतण्याच्या लग्नात मसालेभात आणि बुंदी, मांडवामागे खुर्चीवर बसून बोट टोचलं, २३६. तिथेच एका पाहुण्याने “दाजी, माझी पण बघा की” म्हणून बोट पुढे केलं. स्ट्रिपा संपल्या म्हणून सांगितलं. रात्री जेवून भगवंत मंदिरापर्यंत चालत जाऊन आलो त्या दिवसांची रीडिंगं तशाच जेवणाच्या इतर दिवसांपेक्षा वीस-पंचवीसने कमी. एकदा असतं तर पासंगात ढकललं असतं, सहाही वेळा कमीच आलं.

आता मशिनाच्या नाही, माझ्या चुका. मे महिन्यात दुकानात केशर आंबे आले होते. एक कापून खाल्ला नाही, नुसता बायकोला चिरून दिला. फडक्याला हात पुसले आणि टोचलं. ३४२! अंगातून घामच फुटला. अक्काला फोन लावला तर ती पहिलं वाक्य बोलली ते, “हात धुतलेस का?” साबणाने धुतले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. १५८. बोटावरचा आंबा मोजला होता मी. एवढ्याशा थेंबात आंब्याच्या रसाचा नुसता ओशट हात पुरतो. तेव्हापासून साबण, पाणी, कोरडा पंचा, आणि पहिला थेंब पुसून दुसरा.

दुसरी चूक स्ट्रिपांच्या डबीची. झाकणात ओल शोषणारं औषध असतं, म्हणून डबी टक्कन बंद करायची असते. मी पावसाळ्यात झाकण नुसतं टेकवून ठेवायचो. पंधरा दिवसांत मशीन एरर दाखवायला लागलं, आणि दाखवत नव्हतं तेव्हा काय दाखवत होतं देव जाणे. २२ स्ट्रिपा फेकल्या. डबी उघडल्याची तारीखही वर पेनाने लिहून ठेवा, उघडल्यावरची मुदत छापील मुदतीपेक्षा कमी असते.

पेनाबद्दल एकच. खोलीचे पाच आकडे आहेत. बायकोला २ पुरतो, माझ्या कातडीला ५ लागतो. बोटाच्या टोकावर मधोमध टोचू नका, बाजूला टोचा, दिवसभर स्क्रू ड्रायव्हर धरायचा असतो. आणि थेंब येत नाही म्हणून बोट पिळत बसू नका, हात खाली सोडून झटका.

वीस दिवसांनी वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती नीट वाचली, हे मला आवडलं. पण म्हणाले, “या मशिनावरून मी तुम्हाला मधुमेह आहे असं लिहून देणार नाही. लॅबमधून रक्त काढून आणा.” मला पटलं. दुसऱ्या दुकानी काट्याशी ताडून कुणी शिक्का मारत नाही, त्याला प्रमाण वजनच लागतं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, आधी आणि दोन तासांनी हाताच्या शिरेतून रक्त. जोडीला तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी.

यातही एक गंमत झाली. पहिल्या लॅबमधल्या पोराने सव्वा तासातच मला आत बोलावलं, कारण त्याला जेवायला जायचं होतं. मी म्हणालो, अजून ४५ मिनिटं आहेत. तो म्हणाला, “काका, चालतं तेवढं.” मी उठून आलो. पुढच्या आठवड्यात दुसरीकडे गेलो. तिथल्या ताईंनी घड्याळ लावलं आणि रक्त करड्या टोपणाच्या बाटलीत घेतलं. का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या की साध्या बाटलीत रक्तातल्या पेशी साखर खातच राहतात, ठेवून दिलं तर तासाला पाच-सहा टक्के कमी होते, करड्या बाटलीतलं औषध ते थांबवतं. आडतीत पोत्यातला माल सुकून घटतो, तशी ही घट. बाटलीच्या टोपणाचा रंग बघायचा असतो हे मला ५१ व्या वर्षी कळलं.

आणि मी मशीन बरोबर नेलं होतं. ताईंनी शिरेतून रक्त काढलं त्याच मिनिटाला मी बोट टोचलं. उपाशीपोटी लॅब १०१, माझं मशीन १०६. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी लॅब २०४, मशीन २२६. म्हणजे ११ टक्के जास्त. डॉक्टर म्हणाले, त्यात सगळी चूक मशिनाची नाही. खाल्ल्यानंतर बोटातल्या रक्तात शिरेतल्यापेक्षा साखर खरोखरच जास्त असते, कारण शिरेतलं रक्त स्नायूंना साखर देऊन परत निघालेलं असतं. उपाशीपोटी दोन्ही जवळपास सारखी. म्हणून लॅबचा २०० हा आकडा घरच्या मशिनावर जसाच्या तसा लावू नका.

कागदावर निकाल असा. उपाशीपोटी १२६ किंवा वर असेल तर मधुमेह, माझी १०१. ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० च्या आत असायला हवी, २०० किंवा वर म्हणजे मधुमेह, माझी २०४. एचबीएवनसी ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह, माझी ६.७. दोन तपासण्या एकच सांगत होत्या. शिबिराची चिठ्ठी मात्र आताही ‘नॉर्मल’च्या एक पाऊल पुढे गेली नसती.

मी म्हणालो, “डॉक्टर, माझं तर वजनच नाही.” ते हसले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता म्हणे. उंचीच्या मानाने वजन दोघांचं तंतोतंत सारखं, बीएमआय २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. काटा दोघांना एकच म्हणतो, माल वेगळा. हे ऐकून मी आयुष्यभर ज्या यंत्रावर पोट भरलं त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

बायकोचं एक सांगायलाच हवं, कारण घरात मशीन आलं की सगळ्यांचीच बोटं टोचली जातात. तिची जेवणानंतर १४८ आली. मी लगेच भाकरी कमी कर वगैरे सुरू केलं. अक्काने दम दिला. हिचं हिमोग्लोबिन ८.९. हिमोग्लोबिन असं कमी असलं की ही मशिनं साखर जास्तीची दाखवतात, आणि लोह कमी असलं की एचबीएवनसीसुद्धा फुगलेली येऊ शकते. लॅबमध्ये जेवणानंतरची १२१ निघाली. तिला गरज होती लोहाच्या गोळ्यांची, आणि मी तिच्या ताटातली भाकरी काढत होतो. त्यावरून अजून ऐकतोय.

आता आठ महिने झाले. गोळी चालू आहे. मशीन रोज वापरत नाही, आठवड्यातून दोन दिवस, जेवणाआधी आणि नंतर अशी जोडी. ५० ची डबी तीन महिने पुरते. यार्डातले एक तोलार मामा परवा बसले होते. सारखं पाणी पीत होते. हात धुवायला लावले, नवी सुई घातली (सुई कुणाचीही कुणाला वापरायची नाही, वापरलेल्या मी प्लास्टिकच्या जाड बरणीत टाकतो), जेवून दोन तास झाले होते, २८७. लॅबमधून खात्री करायची आहे हे मी सांगितलं, पण २८७ मधून कितीही पासंग वजा केला तरी उरतं ते कमी नव्हतं. सरकारी दवाखान्यात त्यांना मीच घेऊन गेलो.

तक्रारी उरल्यात त्या अशा. स्क्रीनला उजेड नाही, लाइट गेली की मोबाइलची बॅटरी मारून आकडा वाचावा लागतो. घड्याळ सेल बदलला की मागे जातं आणि वहीशी जुळत नाही. आणि खरी तक्रार ही, की मशीन तपासायचं द्रावण डब्यात देत नाहीत. स्ट्रिपांच्या डबीवर छापलेलं असतं, द्रावणाचा थेंब टाकला तर आकडा अमुक ते अमुक यायला हवा. म्हणजे प्रमाण वजन आहे, त्याचा आकडाही छापलाय, फक्त वजन द्यायचं नाही. बार्शीतल्या सहा मेडिकलमध्ये विचारलं, दोघांनी तर मला डोळ्यांचे थेंब काढून दाखवले. कंपनीच्या नंबरावर फोन केला तर पोरगी म्हणाली, “सर, कुणी मागतच नाही.” मी मागतोय म्हटलं. ती कळवते म्हणाली, त्याला दोन महिने झाले.

पाचपैकी साडेतीन तारे. उरलेल्यातला एक त्या द्रावणाची बाटली हातात पडेल त्या दिवशी.